माझ्या पोटात झोपलेले अंकुर

मी एक जुनी टाकी आहे, मित्रांनो. पण पाण्याची नव्हे आणि धान्याचीही नव्हे. माझ्या पोटात थंडी साठवलेली असायची. जपानमधल्या कानाझावाच्या डोंगरांवर पडणाऱ्या बर्फालाही हुडहुडी भरावी, अशी थंडी.

एका कारखान्यात माझं दुहेरी अंग घडलं. आत एक भांडं, बाहेर एक, आणि मध्ये निव्वळ पोकळी. मग मला नदीकाठच्या एका दवाखान्यात आणलं. ज्यांना मूल होत नसे अशी जोडपी तिथे येत. आईचं आणि बाबांचं बीज काचेच्या बशीत एकत्र आणलं जाई आणि त्यातून जीवाचा अगदी पहिला अंकुर तयार होई, वाळूच्या बारीक कणाएवढा. त्याला भ्रूण म्हणतात. एखादा भ्रूण आईच्या पोटात ठेवत. उरलेले माझ्याकडे झोपायला येत.

माझी देखभाल कुरोकावाबाई करत. त्या माझ्यात सगळं गोठवून टाकणारा द्रव नायट्रोजन ओतत, तेव्हा पांढरं धुकं माझ्या गळ्यावरून खाली ओघळे आणि जमिनीवर लोळत जाई. "टाकीनं कधी दगा दिला नाही हो," असं त्या पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला फार बरं वाटे.

त्या झोपलेल्यांना स्वप्नं पडत होती का, ठाऊक नाही. मला मात्र पडत. धुक्यात कुणी शाळेला निघालेलं दिसे, कुणी छत्री विसरून भिजत आलेलं, कुणी नुसतंच खिडकीशी बसलेलं. मग झाकण उघडे आणि मला कळे की यातलं काहीच घडलेलं नाही. कदाचित घडणारही नाही.

चिनात्सु आणि शूहेई या जोडप्याचे भ्रूण माझ्याकडे होते. त्यांतल्याच एकातून त्यांची नोदोका जन्मली होती. ती आता शाळेत जात होती आणि तिची भावंडं अजून माझ्या पोटात होती. दरवर्षी दवाखाना विचारी, "ठेवायचे ना?" चिनात्सु म्हणे, "असू द्या."

एके दिवशी दोघं माझ्या खोलीत आली. सोबत डॉक्टर मिझोगुची होत्या. भ्रूणातल्या मूलपेशींवर त्या काम करत. मूलपेशी म्हणजे अशा पेशी, ज्यांपासून डोळा, हृदय, हाड, काहीही घडू शकतं.

शूहेई घाईत होता. त्याचे वडील इसाबुरो सोन्याचा वर्ख बनवत. त्यांच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता.

"आमचे भ्रूण घ्या," तो म्हणाला. "बाबांचे डोळे वाचतील."

"वाचणार नाहीत," मिझोगुचीबाई म्हणाल्या. "तुम्हाला खोटी आशा दाखवून मी काही घेणार नाही. पुढे कधीतरी, कुणातरी अनोळखी माणसाला उपयोग होईल. कदाचित."

चिनात्सुनं विचारलं, "पेशी काढल्यावर भ्रूणाचं काय होतं?"

"तो संपतो."

"मरतो, असं म्हणा ना."

"काही जण तसंच म्हणतात. काही म्हणतात, जो जगायला लागलाच नाही तो मरेल कसा? इतकी वर्षं हे काम करतेय, पण मला छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून आधी तुम्ही ठरवा, की यांना जन्म द्यायचाच नाही. त्यानंतरच मी मागायचं. नाही म्हणालात, तर विषय संपला."

बरेच दिवस विचार करून दोघांनी होकार दिला. ठरलेल्या सकाळी मिझोगुचीबाई भ्रूण न्यायची पेटी घेऊन आल्या. कुरोकावाबाईंनी माझं झाकण उघडलंच होतं, तेवढ्यात चिनात्सु धापा टाकत दारात उभी राहिली.

"थांबा. मला नाही जमत."

"अगं, सगळं ठरलं होतं ना?" मागून आलेला शूहेई चिडून म्हणाला. "किती लोकांना खोळंबून ठेवायचं?"

मिझोगुचीबाईंनी पेटी मिटली. "माझं काम अडेल, हे खरं," त्या म्हणाल्या. "वाईटही वाटतंय. पण आता ही पेटी इथे ठेवणं बरं नाही." चिनात्सुला लवून नमस्कार करून त्या निघून गेल्या. माझं झाकण पुन्हा बसलं.

तो हिवाळा मला लांबलचक वाटला. स्वप्नातही बर्फ पडत राही आणि त्यात कुणाच्याच पावलांचे ठसे नसत.

बर्फ वितळलं तेव्हा इसाबुरो सुनेचा हात धरून आले. माझ्याऐवजी शेजारच्या कपाटालाच त्यांनी वाकून नमस्कार केला.

"बाबा, टाकी इकडे आहे."

"अस्सं? हल्ली माणसांचे कान दिसतात मला, नाकं मात्र कुठे जातात कोण जाणे." ते हसले. मग माझ्या अंगावर तळवा ठेवून म्हणाले, "पोरी, माझ्यासाठी देत असशील तर देऊ नकोस. आणि मला काय वाटेल म्हणून अडून बसली असशील, तर तेही नको. माझे डोळे म्हातारे झालेत. त्यांना मध्ये घेऊ नका."

चिनात्सुनंही माझ्या अंगावर हात ठेवला. मग हळूच म्हणाली, "यांना मी जन्म देणार नाही, हे मला कधीचंच ठाऊक होतं, बाबा. 'असू द्या' म्हटलं की ते कबूल करावं लागत नव्हतं."

"मग आता?"

"आता कबूल करते. आणि कबूल केल्यावर वाटतं, नुसतंच वितळून जाण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावेत."

या खेपेला तिनंच मिझोगुचीबाईंना बोलावलं. शूहेईही आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. धुक्यातून भ्रूण ठेवलेली एकेक नळी वर निघाली तेव्हा चिनात्सु माझ्यापुढे कमरेत वाकली. "या हं," ती म्हणाली, मुलं शाळेला निघताना आई म्हणते तसं. शूहेईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

मित्रांनो, गोष्ट इथे गोड करून सांगता आली असती. पण इसाबुरोंची नजर गेलीच. त्या भ्रूणांपैकी एकाच्याच पेशी तगल्या आणि वाढल्या. मिझोगुचीबाईंनी स्वतः येऊन ते चिनात्सुला सांगितलं. दर शरद ऋतूत त्यांच्या प्रयोगशाळेतली माणसं अशा भ्रूणांच्या आठवणीत शेवंतीची फुलं वाहून, मान खाली घालून उभी राहतात. त्या रांगेत आता नोदोकाचा हात धरून चिनात्सुही असते, असं कुरोकावाबाई सांगत.

त्या निवृत्त झाल्या. माझ्या जागी नवी, स्वतःच गजर करणारी टाकी आली. मी मागच्या बोळात उभी आहे. माझ्या झाकणावर कुणी ओल्या छत्र्या ठेवतं.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या डॉक्टर होईल, कुणी संशोधक. ज्याला स्वतः बोलता येत नाही अशा जीवाबद्दल ठरवण्याची वेळ तुमच्यावरही येईल. बरोबर उत्तर मला ठाऊक नाही. मी एक टाकी आहे. एवढंच सांगते, की मागताना असं मागा, की समोरच्याला 'नाही' म्हणता येईल. मिझोगुचीबाई त्या दिवशी रिकाम्या हातानं परत गेल्या, म्हणूनच चिनात्सुला पुढे मोकळ्या मनानं 'हो' म्हणता आलं.