रायबाअण्णांचा अढळ तारा

त्या ठिपक्याची अश्विनला अक्षरशः किळस आली होती. उमरठच्या माळावर तीन रात्री डास मारत त्याने आकाशाचे फोटो काढले आणि तिन्ही रात्रींच्या फोटोंत ताऱ्यांच्या शेवया झाल्या. दुर्बिणीला जोडलेला छोटा गाइड कॅमेरा एका ताऱ्यावर डोळा ठेवतो आणि तो जरा सरकला की मोटारीला सांगून दुर्बिणीची चूक सुधारतो. अश्विनच्या कॅमेऱ्याने तारा म्हणून जो धरला, तो कॅमेऱ्याच्याच पोटातला बिघाड होता, हॉट पिक्सेल. एप्रिलच्या उकाड्यात तापून तो ठिपका ताऱ्यासारखा चमकत बसला होता. तो सरकणार कुठून, आणि चूक सुधारणार कोण!

एवढ्यावर निभावलं असतं. पण तिसऱ्या रात्री शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष हैबतराव कौतुकाने माळावर आले. अश्विन त्यांच्याच पोलादपूरच्या हायस्कुलात शिक्षणसेवक होता. तीन वर्षं भरत आली होती आणि कायम होण्याच्या कागदावर सही हैबतरावांची हवी होती.

"सर, बाकीचे सगळे थरथरतात, हा एकटा हलत नाही!" लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून हैबतराव म्हणाले. "अढळ! आमचे अण्णा असेच होते हो."

रायबाअण्णा म्हणजे त्यांचे वडील, संस्थेचे संस्थापक. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

सकाळी बिघाड लक्षात येताच अश्विन तडक त्यांच्या घरी गेला. तोवर हैबतरावांनी फोनवरूनच पत्रिका छापायला टाकल्या होत्या. अण्णांच्या अढळ ताऱ्याचे दर्शन, पुण्यतिथीला, शाळेच्या मैदानात.

"अहो, तो तारा नाही, कॅमेऱ्यातला डाग आहे," अश्विन म्हणाला.

"असेल, असेल. पेढा घ्या. तुमचा कागद टेबलावरच आहे माझ्या."

पेढा टाळूला चिकटला. तरी अश्विनने तो गिळला.

पुण्यतिथीच्या संध्याकाळी महाडपासून माणसं आली. मोठ्या पडद्यावर गाइड कॅमेऱ्याचं चित्र लावलं होतं. हार, अगरबत्त्या, निवेदकाचा गहिवरलेला आवाज, सगळ्याचाच अश्विनला उबग आला. तोंडाने बोलायची छाती नव्हती. मग त्याने मनाशी ठरवलं, लोकांना आपल्या डोळ्यांनीच कळू दे, आणि गाइड कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसवलं. पडद्यावरचे खरे तारे विझले. तो एक ठिपका मात्र तसाच चमकत राहिला.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा!" हैबतराव माइकवर ओरडले. "झाकलं तरी अण्णांचं तेज झाकत नाही!"

पुढच्या खुर्चीवर अण्णांची बायको चंद्राबाई बसली होती. तिने हात जोडले नव्हते. डोळे बारीक करून ती पडद्याकडे बघत होती.

"मास्तर," ती म्हणाली, "ह्ये आमचे नाय वाटत. ते एका जागी कधी बसले नायत. जेवताना पन एक पाय दारात असायचा. ह्यो दुसराच कोन तरी हाय."

अश्विनला तिचे पाय धरावेसे वाटले. एवढ्या गर्दीत एकटी तीच बरोबर होती. आता फक्त हो म्हणायचं होतं.

"आई, तुला काय कळतं त्यातलं?" हैबतराव हसले आणि अश्विनच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. "सर शिकलेले आहेत. सांगा सर, आईला सांगा."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत संशय नव्हता, नुसता विश्वास होता, आणि तोच अश्विनला सहन होईना.

"तेच आहेत, आजी," अश्विन म्हणाला.

"व्हय? मग माझंच चुकलं असंल रे बाबा," चंद्राबाई म्हणाली. खुर्चीला धरून ती कशीबशी उठली, पदर डोक्यावर घेतला आणि त्या ठिपक्यापुढे जमिनीला कपाळ टेकलं.