डबल पाच

आप्पांच्या हाताला कंप सुटला आणि पहिली पंचाईत झाली ती डॉमिनोची. जन्मभर कुलपं दुरुस्त केलेला माणूस, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवणारा. आणि आता एक सोंगटी उचलायला जावं तर शेजारच्या चार आडव्या. खालच्या दुकानातला न्हावी रोज संध्याकाळी खेळायला यायचा. बिचारा काही न बोलता त्या परत उभ्या करायचा. पुढे तो लेकीच्या बाळंतपणाला तिच्या गावी गेला आणि खेळ बंदच पडला.

त्यात आप्पांनी किल्ल्यांचा जुडगा फ्रिजमध्ये ठेवला आणि दोनदा गॅस चालू ठेवून झोपले. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिची नोकरी, पोरं, सासूची दुखणी, वर रोज इथल्या चकरा. "मीही माणूसच आहे रे," ती धाकट्या भावाला फोनवर म्हणाली आणि रडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाई करू नका. त्यांना नीट येणारा एखादा खेळ खेळू द्या आणि जवळ बसून बघा. नियम लक्षात राहतात का, समोर आहे ते आहे म्हणून मान्य करतात का. मग ठरवू, घरी राहायचं की वृद्धाश्रमात.

म्हणजे आप्पांचं घर आता डॉमिनोवर टांगलेलं होतं. हे त्यांच्यापासून कोणी लपवलं नव्हतं.

धाकटा गोदामांसाठी प्रोग्राम लिहायचा. रजा टाकून आला आणि म्हणाला, हात्तिच्या, एवढंच ना! पडद्यावर बोट लावलं की सोंगटी आपोआप जाऊन बसेल, हात कितीही थरथरू दे. खेळ तसा साधा. सोंगटीला दोन घरं, प्रत्येक घरात शून्यापासून सहापर्यंत ठिपके, आकड्याला आकडा लावत जायचं. दोघांकडेही लावायला काही उरलं नाही की डाव बंद. हातातले ठिपके मोजायचे, ज्याचे कमी त्याचा डाव. सोंगट्यांचा अख्खा संच त्याने प्रोग्रामच्या तीन ओळींत उभा केला. शून्य ते सहा एक चक्र, त्याच्या पोटात त्याच आकड्यापासून सहापर्यंत दुसरं चक्र, झाल्या अठ्ठावीस सोंगट्या. स्वारी स्वतःवरच खूश झाली. आप्पांचा सोंगट्यांचा पत्र्याचा डबा तिथेच कपाटावर होता, पण तो उघडून बघायची गरजच काय? डॉमिनो म्हणजे डॉमिनो.

पहिल्या दिवशी आप्पा खुर्ची ओढून बसले. "अरे वा! हे बेणं भलतंच चपळ आहे की!" ताई किती दिवसांनी हसली. आप्पा जुन्या सवयीने पाचाच्या सोंगट्या एकेक करून बाहेर काढत होते. शेवटी दोन्ही टोकांना पाच आले, आणि त्यांच्या हिशेबाने पाचाची एकही सोंगटी उरली नव्हती. आप्पांनी मांडीवर थाप मारली.

"कुलूप! डाव बंद. आता मोज."

संगणकाने शांतपणे डबल पाच लावली आणि डाव त्याच्या पदरात गेला.

आप्पा पडद्याकडे बघतच राहिले. "ही कुठून आली?"

"त्याच्या हातात होती, आप्पा."

"कशी असेल? ती तुझ्या आईजवळ आहे. मी स्वतः दिली तिला."

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. ताई चहाची कपबशी तशीच हातात घेऊन आत गेली. धाकट्याने आप्पांच्या पाठीवरून हात फिरवला.

"हो आप्पा, हो," तो म्हणाला.

मग रोज तेच. आप्पा पाचांवर कुलूप लावायचे आणि यंत्र ते उघडायचं. "लबाड आहे तुझं यंत्र!" ते ओरडायचे. धाकटा लहान मुलाला समजवावं तसं समजवायचा, की चक्र सहापर्यंत जातं, मग पाच-पाच येणारच ना. एकदा आप्पा हट्टालाच पेटले. "तो वरचा डबा काढ. मोजून दाखवतो."

"नंतर काढू," धाकटा म्हणाला. उगाच सोंगट्या सांडतील, चिडचिड होईल, असं त्याला वाटलं. त्याचं मन वाईट नव्हतं, आणि हेच जास्त वाईट. डॉक्टरीणबाईंना त्याने फोन करून सांगितलं, समोर दिसत असूनही मान्य करत नाहीत.

आणि एके दिवशी आप्पांनी मान्य केलं. डबल पाच आली, ते हरले. बराच वेळ स्वतःचे तळहात न्याहाळत बसले.

"असेल बाबा, असेल," ते म्हणाले. "मीच भलतं काहीतरी धरून बसलोय. डोकं गेलं माझं. पाठवा कुठे पाठवायचं तिथे."

पुढच्याच आठवड्यात त्यांना पोचवलं. धाकटा खोल्या आवरत होता तेव्हा न्हावी परत आला. रिकाम्या खुर्चीकडे बघून त्याचं तोंड उतरलं. जाताना आठवण म्हणून त्याने पत्र्याचा डबा मागितला.

"त्यात डबल पाच नाही हं," तो सहज म्हणाला. "सत्तावीसवरच खेळायचो आम्ही. ती वहिनींच्या मुठीत ठेवली ना त्यांनी, शेवटचा निरोप देताना. तुम्हा पोरांना सांगितलं नव्हतं, लाज वाटायची त्यांना. पण पाचांवर डाव बंद करायला म्हातारा एकदम वस्ताद! एकदाही चुकला नाही कधी."

धाकट्याने डबा जमिनीवर उपडा केला आणि मोजलं. पुन्हा मोजलं. सत्तावीसच. आप्पा बरोबर होते. प्रत्येक डावात, पहिल्या दिवसापासून, बरोबर होते.

दुरुस्ती एका ओळीची होती. दोन्ही घरांत पाच असतील तर ती सोंगटी वगळायची. ती ओळ लिहून, संगणक घेऊन तो तडक वृद्धाश्रमात गेला. लोखंडी खाट, भिंतीला टेकवलेली काठी, खिडकीतून दिसणाऱ्या उभ्या गाड्या. आप्पा भराभर खेळले, पण मध्येच थांबून पडद्यावर काहीतरी शोधायला लागले.

"डबल पाच दिसत नाही."

"ती नाहीच, आप्पा. तुम्ही आईला दिलीत ती. माझं चुकलं, मी डबा उघडून बघायला हवा होता. तुमचं डोकं शाबूत आहे. घरी चला, किल्ली अजून माझ्याकडेच आहे."

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. थरथरता हात त्यांनी लेकाच्या पाठीवरून फिरवला.

"हो बाळा, हो," ते म्हणाले. "पण ती परत घाल. अठ्ठावीस असतात. आणि तुझ्या आईच्या हातात सोंगटी कोण कशाला ठेवील?"