एकेचाळीस टक्के

"थांबा," लघुकाका म्हणाले. "गेला."

"कोण गेला?" साहेबांनी विचारलं.

समोर बसलेल्या बाईंचा नवरा जाऊन सात महिने झाले होते आणि चौकशी त्याच्याच जाण्याची चालली होती. त्यामुळे हा प्रश्न प्रसंगाला धरून नव्हता, पण साहेबांचे बहुतेक प्रश्न असेच असत.

"लॅपटॉप, साहेब. एकेचाळीस टक्के होते. आत्ताच बघितलं मी. एकेचाळीस."

साहेब चष्मा काढून लॅपटॉपकडे झुकले. काळा पडदा, आणि त्यात साहेबांचाच चेहरा. तोही फारसा उजळलेला नव्हता.

"परत?"

"परत."

"म्हणजे बाईंचा जबाब..."

"गेला, साहेब. सगळा."

मांडीवरच्या पिशवीचे बंद बाईंनी एकदा सोडले आणि पुन्हा बांधले. कंपनीच्या वकिलांनी घड्याळ पाहिलं, आणि पुढची तारीख कोणती सोयीची ते त्यांना लगेच आठवलं.

लघुकाका म्हणजे अपघात चौकशी कार्यालयातले लघुलेखक. उंची सहा फूट दोन इंच. हा विनोद कार्यालयात बत्तीस वर्षं चालला होता, आणि दर नव्या माणसाला तो आपल्यालाच सुचला असं वाटे. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर ही जागा भरली जाणार नव्हती, कारण आता लॅपटॉप होता.

कामाची पद्धत अशी, की साक्षीदाराने बोलायचं, साहेबांनी ते ऐकून सरकारी भाषेत एकेक वाक्य सांगायचं आणि लघुकाकांनी ते लॅपटॉपवर टंकायचं. शेवटी साक्षीदाराची सही झाली की मगच जबाब साठवला जाई. अर्धवट जबाबात कुणी फेरफार करू नये, म्हणून ती सोय मुद्दाम केली होती. तिच्यामुळे अर्ध्यावर लॅपटॉप विझला तर फेरफार करायला काहीच शिल्लक राहत नसे. इतका सुरक्षित बंदोबस्त तिजोरीचाही नसतो.

खोलीत प्लग एकच होता, साहेबांच्या पाठीमागे, आणि त्यात पंखा होता. लांब वायर जोडून घ्यायची तर एकदा तिच्यात पाय अडकून खुद्द साहेब पडले होते. तेव्हापासून लांब वायरींना परिपत्रकाने बंदी होती. लॅपटॉपला बॅटरी असते, असं त्या परिपत्रकात शेवटी लिहिलं होतं.

दुपारी लघुकाका लॅपटॉप बगलेत मारून तळमजल्यावर वायरताईकडे गेले. वायरताई ही कार्यालयाची दुरुस्तीवाली. कायम कानामागे स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात दोन स्क्रू. बोलताना ती स्क्रू काढत नसे.

"मागच्या वेळी पूर्ण भरून, पूर्ण रिकामी करून, परत भरून दिली होती काका. आकडा ताळ्यावर येतो कधी कधी तसं केलं की."

"नाही आला."

तिने मागचं झाकण उघडलं. आतली चपटी बॅटरी जेवण अंगावर आलेल्या माणसासारखी फुगली होती.

"बघा. संपलीय ही. कधीचीच."

"पण कोपऱ्यात लाल खूण येते ना, बॅटरी कमी आहे म्हणून? ती का नाही आली?"

"ती दहा टक्क्यांना येते. मी तपासलं, सेटिंग बरोबर आहे. हा मरतो एकेचाळीसला. दहापर्यंत पोचला तर सूचना देईल ना बिचारा."

"मग सूचना पन्नासवर लाव."

"लावते. उद्या हा साठला मरेल. काका, हिचं हिलाच माहीत नाही आत किती उरलंय. आकडा नुसता अंदाजाने दाखवते. दुसरी बॅटरी घाला, दुसरा उपाय नाही."

"कपाटातला दुसरा लॅपटॉप?"

"तो सुरूच होत नाही. पण त्याच्याबद्दल तक्रार आली नाही ना कधी, म्हणून यादीत तो उत्तम स्थितीत आहे."

लघुकाका भांडारात गेले. भांडारप्रमुख हा मनुष्य वस्तू देण्यासाठी नेमला होता, आणि त्याने आयुष्यभर त्या राखल्या होत्या. त्याने फॉर्म वाचला, उलटा केला, कोऱ्या बाजूकडेही नीट पाहिलं.

"फोटो कुठाय?"

"कसला फोटो?"

"बॅटरी कमी आहे अशी सूचना पडद्यावर दिसतानाचा फोटो. रकाना नऊ. त्याशिवाय नवी बॅटरी मिळत नाही."

"अहो, तक्रारच ती आहे! सूचना येत नाही. न सांगता बंद पडतो."

"मग बॅटरी संपली कशावरून?"

"बंद पडतो यावरून!"

"बंद काय, कुणीही पाडेल. बटण दाबलं की पडतो. पुरावा नको? काका, तुम्ही तर चौकशी खात्यातले. तुम्हाला पुरावा म्हणजे काय ते मी सांगायचं?"

"एक बाई आहे," लघुकाका म्हणाले. त्यांचा आवाज चढत होता, आणि कितपत चढवायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. "तिचा नवरा यंत्राखाली सापडला. तो कसा सापडला हे तिने दोनदा सांगितलं. दोनदा! आता तिसऱ्यांदा सांगायचं, तुमच्या रकाना नऊसाठी?"

"आवाज कमी करा. मी काय नियम बनवले?"

"नाही बनवले. तुम्ही नुसते चघळता!"

आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच आपटत असल्याने नेम चुकला आणि हात स्टेपलरवर पडला. डाव्या अंगठ्यात पिन घुसली. भांडारप्रमुखाने तत्परतेने कापूस दिला. कापसाला फॉर्म लागत नव्हता.

बॅटरी मात्र मिळाली नाही.

लघुकाका जागेवर येऊन बसले. अंगठा ठणकत होता, पण खरा ठणका वेगळाच होता आणि तो खालच्या खणात होता. खण त्यांनी उघडला. आत एक वही होती.

लघुलिपीच्या वह्या चार वर्षांपूर्वी बंद झाल्या. एकाच जबाबाच्या दोन नोंदी असू नयेत, आढळल्यास कारवाई होईल, असं परिपत्रक होतं. लघुकाकांनी ते स्वतः टंकलं होतं. पण समोर माणूस बोलत असताना हात गप्प ठेवणं त्यांना जमत नसे. घरी बायको बोलत असली तरी त्यांचं बोट मांडीवर चालू असे. तिला वाटे, नवरा लक्ष देऊन ऐकतोय. त्याच सवयीने साक्षीदार बोलू लागला की ते टेबलाखाली गुडघ्यावर वही ठेवून शब्दन् शब्द उतरवत आणि साहेब सांगू लागले की हात वर घेऊन टंकत. शिकवणाऱ्या गुरुजींनी सांगितलं होतं, लघुलेखकाने निवडायचं नाही. खोकला ऐकू आला तर खोकला लिहायचा.

पहिल्या वेळी लॅपटॉप विझला तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "काका, कुठे काही लिहून ठेवलंय का हो?"

आणि लघुकाका म्हणाले होते, "नाही साहेब."

वही तेव्हा गुडघ्यावरच होती. परिपत्रक आठवलं, पाच महिन्यांवरची निवृत्ती आठवली, आणि जीभ आपोआप वळली. नंतर बाईंनी दुसऱ्यांदा सांगितलं, पण त्या वेळी सगळं सांगितलं नव्हतं. ते फक्त लघुकाकांना कळलं, कारण त्यांच्याकडे पहिलं होतं. पहिल्या खेपेला बाईंचं बोलणं अकरा पानं झालं होतं. दुसऱ्या खेपेला चार.

भांडारप्रमुख निदान खोटं तरी बोलला नव्हता. लघुकाकांनी पेन्सिली काढल्या आणि एकामागून एक सहा पेन्सिलींना टोक केलं. टोकं तुटली. पुन्हा केली.

आठवड्याभराने, तिसऱ्या तारखेला, बाई आल्या तेव्हा पिशवी तीच होती, पण त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. लॅपटॉप शंभर टक्के दाखवत होता. त्याचा चेहरा अगदी निष्पाप होता.

"सांगा," साहेब म्हणाले. "थोडक्यात सांगितलं तरी चालेल."

"कामावर गेले होते. यंत्राखाली आले. मला दुपारी कळलं."

"आणखी?"

"आणखी काय?"

वकील उठले. कंपनीचं म्हणणं असं, की पुठ्ठा दाबणाऱ्या त्या यंत्राचा दाब खाली येण्याआधी घंटा वाजते, घंटा सुस्थितीत होती, तिच्याकडे दुर्लक्ष करणं हा मयताचा निष्काळजीपणा. तसा अहवाल झाला की प्रकरण मिटणार होतं, आणि बाईंचा नवरा कायमचा कागदावर निष्काळजी राहणार होता.

"बाई, घंटा वाजत होती की नाही, तुम्हाला माहिती आहे?"

बाईंनी पिशवीकडे पाहिलं. "मी कुठे तिथे होते? नाही माहीत."

"लिहून घ्या, साहेब."

साहेबांनी सुस्कारा टाकून सांगितलं, "घंटेबाबत साक्षीदारास माहिती नाही. घ्या, काका."

लघुकाकांची बोटं कळांवर होती. ती हलली नाहीत.

"काका?"

"नाही साहेब."

"काय नाही?"

"हे नाही टंकणार." ते उभे राहिले. सहा फूट दोन इंच पूर्ण उभे राहायला थोडा वेळ लागला. वही टेबलाखालून वर आली. "पहिल्या तारखेला तुम्ही विचारलं होतं, लिहून ठेवलंय का. मी नाही म्हणालो. खोटं बोललो. भ्यालो होतो. ह्या बाईंना मी दोन वेळा जास्त रडवलंय. लॅपटॉपने नाही, मी."

"ह्या रेघोट्यांना पुरावा म्हणायचं?" वकील वहीकडे पाहून म्हणाले. "हे वाचणार कोण? आणि हे काहीही वाचतील!"

साहेब वहीकडे वळले. "काका, त्या दिवशीचं पहिलं पान वाचा. माझं."

लघुकाकांनी पान उलटलं आणि एका सुरात वाचलं. "'साहेब: पंखा कमी करा, कागद उडतात. चहा आला नाही का अजून? साहेब शिंकले. साहेब: हं, बाई, बसा. साहेब पुन्हा शिंकले.'"

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "सर्दी होती मला."

"'वकील, आपल्या कारकुनाला, हळू आवाजात: ही रडायला लागली की पाणी मागव. तेवढाच वेळ जातो.'"

वकील बसले. त्यांना स्वतःलाच पाणी हवं होतं, पण ते मागायची आता सोय उरली नव्हती.

"बाईंचं वाचा," साहेब म्हणाले.

लघुकाकांनी वाचलं. त्यांच्या आवाजात चढउतार नव्हता. खोकला आला तिथे 'खोकला' म्हणाले, गप्प झाल्या तिथे 'गप्प' म्हणाले.

"'आठ दिवस रोज घरी येऊन तेच. घंटा वाजत नाही, घंटा वाजत नाही. मुकादमाला दोनदा सांगितलं म्हणाले. मुकादम म्हणाला, तूच वाजव तोंडाने. मग हे खरंच तोंडाने वाजवायचे. कुणाचा हात खाली दिसला की ओरडायचे, टण्! सवयच लागली. घरी जेवताना वाटी उचलायच्या आधी टण्. पोरीच्या वेणीला हात लावायच्या आधी टण्. आम्ही हसायचो. मी जास्त हसायचे. त्या दिवशी सकाळी दारातून जाताना म्हणाले, टण्. मी म्हटलं, जा आता, पुरे झालं. गप्प. त्यांच्यासाठी कोण म्हणणार होतं? सगळ्यांसाठी हेच म्हणत होते. गप्प. गप्प.'"

लॅपटॉप त्याच वेळी विझला. चव्वेचाळीस टक्क्यांवर. कुणी पाहिलं नाही.

"हे मी बोलले होते?" बाईंनी विचारलं.

"तुम्हीच. मी एक शब्द घातलेला नाही."

"परत सांगवेना मला ते. मी हसायचे, ते सांगायला नको वाटलं. हिचा माणूस गेला, आणि ही हसत होती, म्हणतील."

साहेबांनी चष्मा पुसला. "वही नोंदीला घ्या. पानापानावर बाईंची सही घ्या. मग काकांनी माझ्यासमोर उतरवून द्यायचं, हाताने." मग जरा हळू म्हणाले, "काका, तुम्हाला नोटीस निघेल. मलाच काढावी लागेल."

"काढा साहेब. फक्त लॅपटॉपवर काढू नका."

साहेब हसले नाहीत, पण हसायचं राहिलं हे त्यांच्या लक्षात आलं.

बाईंनी पेन घेतलं. अकरा पानांवर सह्या झाल्या. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. सगळीकडे नुसत्या रेघा, वळणं, ठिपके. या इमारतीत ते वाचू शकणारा एकच माणूस होता, आणि तो चार महिन्यांनी जाणार होता.

"यातलं ते कुठलंय?"

"काय?"

"ते म्हणायचे ते."

लघुकाकांनी वही त्यांच्याकडे फिरवली आणि पट्टी बांधलेल्या अंगठ्याने दाखवलं. एक छोटा खाली आलेला फटकारा, आणि शेजारी ठिपका.

"एवढंसंच?"

"हो. तुम्ही पटकन म्हणाला होतात."

बाईंनी त्यावर बोट ठेवलं. साहेबांनी पुढच्या साक्षीदाराला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.