ताईच्या हातचा पास्ता

"कांद्याला घाई करायची नाही. रडून रडून मऊ झाला पाहिजे तो," ताई म्हणाली. भावजय हसली आणि कडेवरच्या बाळाला सावरत गॅसजवळ सरकली.

ताईला या घरात येऊन जेमतेम चार तास झाले होते. ज्या लॉन्ड्रीत तिने एकतीस वर्षं हॉटेलांच्या चादरींना इस्त्री केली, ती मागच्या महिन्यात बंद पडली. धाकट्या भावाने फोन करून सांगितलं, खोली सोड आणि आमच्याकडे ये, कायमची. तिने खोली सोडली. फुकट बसून खायचं नाही, एवढं मात्र वाटेतच ठरवलं होतं. म्हणून आल्या आल्या तिने स्वयंपाक हातात घेतला.

भावजयीला तिने सगळं नीट दाखवलं. पास्ता शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, वाटीभर ठेवायचं; टोमॅटोचा रस त्यानेच दाट होतो. चीज नसलं तरी अडत नाही. शिळा पाव कुस्करून तेलात खरपूस परतायचा आणि वरून भुरभुरायचा. आईवडील गेले तेव्हा ताई सतराची होती आणि भाऊ सहाचा. तेव्हापासून दोघांचं जेवण हेच; चादरी पाठवणाऱ्या एका हॉटेलातून पास्ता तिला स्वस्तात मिळायचा. भावजयीने चव घेतली, पुन्हा थोडा घेतला आणि म्हणाली, मला लिहून द्या हे.

संध्याकाळी भाऊ दवाखान्यातून आला. दातांचा डॉक्टर होता तो. बूट काढता काढता थबकला आणि आधी जाऊन स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

ताईने त्याचं ताट वाढलं. त्याने काटा उचलला आणि परत खाली ठेवला.

"ताई, हे नको गं."

"का रे? बरं वाटत नाही का?"

भावजयीने डोळ्यांनी दटावलं, तरी तो बोललाच. शाळेत डबा उघडला की कांद्याच्या वासाने मुलं नाक धरायची. मग तो जिन्याखाली जाऊन खायचा. अकरा वर्षं, रोज तेच. अजूनही कुठे हा वास आला की तो आधी खिडकी उघडतो.

ताईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"पण तुला आवडायचं," ती म्हणाली. "कढई पुसून खायचास तू."

"भूक लागलेली असायची, ताई."

तो रागाने बोलला नव्हता. रागाने बोलला असता तर तिला उलट काहीतरी म्हणता आलं असतं.

मग त्याने मायेने तिच्या हातावर हात ठेवला. खूप राबलीस, म्हणाला, आता स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, सकाळी बाई येते. ताईने मान हलवली. तिने आपलं ताट संपवलं आणि मग त्याचंही. टाकून देणं तिला जमलं नसतं.

सकाळी स्वयंपाकाची बाई आली. घरात नवीन माणूस बघून तिने आपुलकीने विचारलं, "ताईंना काय आवडतं? तेच करते आज."

भावजयीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताईकडे.

आपल्याला काय आवडतं, ते ताई आठवू लागली. काय परवडतं, काय पुरतं, किती उरतं, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. बाई हात पुसत उभी राहिली. मग ओट्याकडे वळली आणि तिने रोजचंच करायला घेतलं.