बटणावर सुरू होणारी जीप

मित्रांनो, शिंदखेड्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात, गाठींच्या शेडमागे तुम्हाला एक टायर नसलेली जीप दिसेल. ती मी. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालतात, त्याचे मला काही वाटत नाही. पण कोणी माझ्या पुढच्या चाकाकडे बघितले, की मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

माझे मालक दीपचंदशेट कापसाचे व्यापारी. मोठ्या मनाचे, पण धांदरट. किल्ली कधी देवघरात राही, कधी धोतराच्या सोग्यात बांधून धुवायला जाई. ऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल, एकदा ती कायमचीच हरवली. तेव्हा धुळ्याच्या निंबा मिस्त्रीने किल्लीचे कुलूप काढून टाकले आणि तिथे एक खटका व शेजारी लाल बटण बसवले. खटका वर करायचा, बटण दाबायचे, की मी सुरू.

"शेटजी, सोय झाली, पण हात कोणाचाही पोचेल," मिस्त्री म्हणाला.

"पोचू दे. माझी जीप साऱ्या गावाची," शेटजी हसले.

आणि खरोखर तसेच झाले. शेटजी जळगावला गेलेले असताना शेजारच्या वाडीत भिकुबाईला नाग चावला. आमचा ड्रायव्हर वना पळत आला, किल्ली शोधत बसायचे नव्हतेच, त्याने तिला मागच्या सीटवर निजवून धुळ्याला नेले. भिकुबाई वाचली. लोक माझ्या बॉनेटवरून हात फिरवू लागले. मी फुगले, मित्रांनो. शेटजी माझ्यापेक्षा जास्त फुगले. पाहुणा आला की आधी बटण दाखवायचे, मग पाणी विचारायचे.

एकदा सोनगीरचा बाजार होता. जागा उताराची आणि माझा हँडब्रेक ढिला, म्हणून वनाने मला पहिल्या गिअरमध्ये उभे केले. उतरताना तो म्हणाला, "शेटजी, गाडी गिअरमा शे बरं." शेटजी "हो, हो" म्हणाले. त्यांचे लक्ष समोरून येणाऱ्या व्याह्यांकडे, दलिचंदजींकडे होते. वना चहाला गेला. माझ्या पुढच्या सावलीत ताईबाई पेरूची पाटी घेऊन बसली होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"किल्ली नाही, काही नाही. बघा," असे म्हणून शेटजींनी खाली उभे राहूनच आत हात घातला, खटका वर केला आणि बटण दाबले.

मी गिअरमध्येच होते, तशीच पुढे झेपावले. मला थांबता येत नव्हते. पाटी उलटली आणि माझे चाक ताईबाईच्या पायावरून गेले. एका दगडाला अडकून मी बंद पडले.

लोक धावले. "काय झालं?" कोणीतरी विचारले.

शेटजींचा चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "वनाने गाडी गिअरमध्ये ठेवली होती."

त्या वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरी त्याच्याइतके मोठे खोटे मी ऐकलेले नाही. दलिचंदजी आपल्या बुटांकडे बघत राहिले. वना "मी सांगेल व्हतं शेटजीले" एवढेच म्हणत होता, पण ते कोणी ऐकले नाही. त्याचे लायसन गेले. ज्याने भिकुबाईला वाचवले, त्याला लोक आता पायखाऊ म्हणू लागले. तो बायकोमुलांना घेऊन यावलकडे केळीच्या बागांत मजुरीला निघून गेला.

शेटजींनीच ताईबाईला लगेच दवाखान्यात पोचवले, पण तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शेटजी दवाखान्यात तिला भेटायला गेले. खिडकी उघडी होती आणि मी तिच्याखालीच उभी होते.

"तुम्ही व्हतात म्हनून मी वाचनू, शेटजी," ताईबाई म्हणाली. "त्या वनानी मन्हा पाय लिधा."

मग शेटजींचा आवाज आला, त्यांचा वाटणार नाही असा. "बटण मी दाबलं, ताईबाई. वनाने मला बजावलं होतं."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "मन्हा पाय तं परत येनार नही. वनाचं नाव तेवढं परत दी टाका."

शेटजी आधी पोलीस ठाण्यात गेले. मग भर बाजारात, पेरूवाल्यांच्या रांगेपुढे उभे राहून त्यांनी तेच सांगितले. ज्या माणसाचा शब्द बाजारात कोणी मोडत नसे, त्याला त्या दिवशी घसा साफ करून दोनदा सुरुवात करावी लागली. काही जण हसले. ते ऐकून घेऊन शेटजी मला एकटेच यावलला घेऊन गेले.

वना बागेत घड खांद्यावर घेऊन उभा होता. त्याने शेटजींचे सगळे ऐकले. घड खाली ठेवला.

"बोलनात, चांगलं व्हयनं," तो म्हणाला. "पन मी येत नही, शेटजी."

शेटजींनी आग्रह केला नाही. ते माझ्यात बसले आणि त्यांचा हात बटणाकडे गेला. तेवढ्यात वना पुढे आला. त्याने आत हात घालून गिअरचा दांडा हलवून बघितला, मोकळा आहे ना याची खात्री केली आणि मागे सरकला.

"आते दाबा," तो म्हणाला.

शेटजींनी बटण दाबले नाही. स्टिअरिंगवर डोके टेकवून ते कितीतरी वेळ तसेच बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या हाताशी सोपी यंत्रे येतील. ती जरूर वापरा. पण सोपे आहे म्हणून दाखवायला दाबू नका. आधी पुढे कोण बसले आहे ते वाकून बघा. आणि चूक झालीच, तर ती दुसऱ्याच्या नावावर चालवू नका. कापलेला पाय मी पाहिला आहे आणि मोडलेला माणूसही. दोन्ही माझ्या एकाच धक्क्याने झाले.