शंभरातली त्रेचाळीस

हिंगोलीच्या बसस्थानकामागच्या एका लॅबमध्ये रुबीना नऊ वर्षांपासून काम करत होती. मलेरियाची स्लाइड पाहावी तर रुबीनानंच, असं गावातले दोन-तीन डॉक्टर उघड म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की तिला शेजारचं बोलणं ऐकू येत नसे. स्लाइडवरची जागा एक-एक फील्ड, म्हणजे भिंगात एका वेळी दिसणारा गोल, करत सरकवायची, शंभर फील्ड पाहायच्या आणि मगच 'जंतू आढळले नाहीत' असं लिहायचं, हे तिच्या हाताला वळण पडलं होतं.

मग दोन वर्षांपूर्वी लॅबचे मालक प्रमोद सर यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्टरांचे ग्रुप उघडले. सात ग्रुप. पाच मिनिटांत उत्तर गेलं पाहिजे, असा नियम. सुरुवातीला तिला त्याचा वैताग यायचा. पुढे पुढे उलटं झालं. फोन दहा मिनिटं गप्प राहिला तरी तीच काढून बघायची. कामाचं बघता बघता बहिणीचं स्टेटस, मैत्रिणीच्या हळदीचा व्हिडिओ, कुणाचं तरी भांडण. सगळ्यांना उत्तरं वेळेवर जात होती, सर खूश होते.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी साखऱ्याजवळच्या तांड्यावरून मिराबाई आली. पन्नाशीची बाई, पाच दिवसांचा ताप, नवऱ्याच्या खांद्याला धरून पायऱ्या चढली. रुबीनानं रक्त घेतलं, स्लाइड रंगवली, पाहायला बसली. त्रेचाळिसाव्या फील्डला फोन थरथरला. 'रिपोर्ट कधी?' तिनं उत्तर दिलं. त्याखाली दुसरा मेसेज, तिसरा. परत डोळा लावला तेव्हा आपण कुठल्या कडेला होतो, हे तिला आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हवं होतं. तिनं केलं नाही. रिपोर्टात 'शंभर फील्ड तपासल्या' या ओळीपुढे खूण केली आणि छापायला टाकला.

नऊ दिवसांनी मिराबाईचा नवरा नेमसिंग एकटाच आला. डोळे तारवटलेले, सदरा दोन दिवसांचा.

"म्याडम, त्या रिपोर्टाची नक्कल पायजे. नांदेडचे डॉक्टर मागून राहिले."

"नांदेडला? काय झालं काका?"

"मलेरियाच निघाला. डोक्यात गेला म्हणतात. परवापासून डोळा उघडला न्हाई तिनं." तो थांबला, मग जणू तिचंच समाधान करत बोलला, "तुमी तर बराबर पाह्यलं असंल. तुमचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आमी बिनघोर राह्यलो. टायफाइडच्या गोळ्या देत बसलो."

रुबीनानं नक्कल काढून दिली. तो गेल्यावर तिनं फोन काउंटरवरच्या पूजाकडे दिला. "कुणी काही विचारलं तर तूच सांग," म्हणाली, आणि जुन्या स्लाइडांच्या पेटीतून मिराबाईची काढली. महिनाभराच्या स्लाइड ठेवायची तिथं पद्धत होती.

ती बसली खरी, पण विसाव्या फील्डलाच हात ॲप्रनच्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. पंचविसाव्याला मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून. फोन वाजलेला नसताना वाजल्यासारखा वाटत होता. तिसऱ्या खेपेला ती त्रेचाळीसच्या पुढे गेली. सत्तावन्नाव्या फील्डमध्ये, तांबड्या पेशीच्या पोटात, मलेरियाच्या जंतूचं बारीक निळं कडं होतं. एकसष्टाव्यात आणखी दोन. लपलेली नव्हती. चौदा फील्ड पुढं जायचं, एवढंच करायचं होतं.

सरांना तिनं सांगितलं. सरांनी दार लोटून घेतलं.

"सुरुवातीला जंतू कमी असतात, कुणाच्याही नजरेतून सुटतात. लेखी काही देऊ नकोस."

"सुटले नाहीत, सर. मी बघितलंच नाही. आणि बघितलं म्हणून लिहिलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती नांदेडला गेली. दुरुस्त रिपोर्ट तिनं स्वतः लिहून सही करून नेला होता. नेमसिंग वॉर्डाबाहेर जमिनीवर बसला होता. तिनं शेजारी बसून सगळं सांगितलं, खुणेसकट.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं.

"मंग तवा काय करून राहिली होती तू?"

"फोन बघत होते, काका."

"काहून?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त उठला, कागद घेऊन डॉक्टरकडे गेला आणि परत आल्यावर दुसऱ्या भिंतीला बसला.

मिराबाई वाचली. बेशुद्धीच्या अकराव्या दिवशी तिनं नवऱ्याला ओळखलं. पण डाव्या पायात जोर आला नाही, काठी लागली. तांड्यावरचे लोक पुढं तपासणीला दुसऱ्या लॅबमध्ये जाऊ लागले. रुबीनाला त्यात वावगं वाटलं नाही.

सर महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. तिनं मात्र ठरवून टाकलं. अकरा ते एक फोन पूजाकडे, त्या वेळात फक्त स्लाइड. एका डॉक्टरनं रागानं पेशंट पाठवणं बंद केलं. पहिला आठवडा वाईट गेला. तिसाच्या पुढे मन टिकत नव्हतं, डोळ्यांत पाणी यायचं. दुसऱ्या आठवड्यात एकदा शंभर झाल्या तेव्हा पूजा शेजारी उभी आहे, हे तिला कळलंच नाही.

काम आटोपल्यावर ती रोज तासभर थांबून पेटीतल्या बाकीच्या स्लाइड पुन्हा पाहू लागली, 'नाहीत' असं लिहिलेल्या सगळ्या. एकूण अडतीस होत्या. चौतिसाव्या स्लाइडवर जंतू सापडले. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यात भाकरी करणारा वसराम. तिनं लगेच फोन लावला. त्याला अजून मधूनमधून थंडी वाजत होती. दुसऱ्या दिवशी तो आला, औषध घेऊन आठवड्यात कामाला लागला. त्या दिवशी निघताना म्हणाला, "लई आठवणीनं फोन केला ताई, उपकार झाले."

ती पुन्हा पेटीकडे वळली.

पेटी संपली. त्याआधीच्या महिन्यांच्या स्लाइड कचऱ्यात गेल्या होत्या. त्या दोन वर्षांत किती वेळा ती मधेच थांबली होती, आणि कुणाकुणाच्या नावापुढे खूण केली होती, हे आता कोणत्याच काचेवर दिसणार नव्हतं. रजिस्टर होतं, त्यात प्रत्येकाचा फोन नंबर होता. तिनं ते उघडलं आणि पहिलं नाव वाचून मिटलं. मग पुन्हा उघडलं, आणि एकेका नंबरावर फोन लावून 'ताप गेला का' असं विचारायला सुरुवात केली.