शंभर ओहमचा दुसरा रेझिस्टर

बायको आपल्यापेक्षा हुशार आहे, हे मास्तरांनी लग्नाच्या वर्षीच कबूल करून टाकलं होतं. पण ते मोघम होतं. मोघम हुशारी कुणालाही सोसते. आकड्यांत लिहून आली की पोटात दुखायला लागतं.

आकडे असे होते: मास्तरांचा ड्रायव्हर आठ मिलिअँपिअर करंट खायचा, बायकोचा दोन. वेग तोच.

ड्रायव्हर म्हणजे चिपच्या दारात बसलेलं सर्किट. आतला शून्य-एकचा मजकूर ते दोन तारांवरून बाहेर ढकलतं. एक तार वर गेली की दुसरी खाली, आणि पलीकडची चिप फक्त दोघींमधला फरक वाचते. दोघं एकाच कंपनीत इंजिनिअर, आणि नवऱ्याला तिथे सगळे मास्तर म्हणायचे. गेली अकरा वर्षं कंपनीच्या प्रत्येक चिपच्या दारात मास्तरांचंच सर्किट बसत आलं होतं. नव्या चिपमध्ये कोणाचं बसणार, ते आज दुपारी तीनला ठरणार होतं.

सकाळी लॅबवालीने दोन्ही सर्किटं एकाच बोर्डावर जोडली. मापनयंत्राच्या पडद्यावर सिग्नलचे लाखो ठोके एकमेकांवर पडून डोळ्यासारखी आकृती उमटते. जेवढा डोळा उघडा, तेवढं सर्किट चांगलं.

"मास्तर, तुमचा बघा, कसा टपोरा!" लॅबवाली म्हणाली. "बाईंचा मात्र आत्ताच गदागदा हलवून उठवल्यासारखा दिसतोय."

बायको पडद्याजवळ सरकली. मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यांचं लक्ष बाजूच्या मीटरकडे गेलं. दोनच्या जागी दोन पॉइंट सदुसष्ट.

आणि त्यांना लख्ख कळलं.

तारांच्या टोकाला शंभर ओहमचा एक रेझिस्टर लागतोच, नाहीतर सिग्नल आपटून माघारी येतो. बायकोने पलीकडच्या चिपच्या पोटातला रेझिस्टर चालू केला होता. पण बोर्ड बनला होता मास्तरांच्या जुन्या आराखड्यावरून. चिपच्या आतल्या रेझिस्टरवर मास्तरांचा कधीच भरवसा नव्हता, म्हणून तारांच्या प्रत्येक जोडीला बाहेरून एक डकवलेला. मास्तरांच्या जोडीला एक, बायकोच्या जोडीला दोन. दुप्पट ओझं घेऊन ते बिचारं धावत होतं, म्हणून करंट जास्त आणि डोळा अर्धवट.

मास्तरांनी चष्मा पुसला आणि चहा प्यायला गेले.

जेवायच्या सुट्टीत बायको डबा न उघडताच बसली होती. "काहीतरी माझंच चुकलंय. तू बघतोस का एकदा?"

"मी बघितलं तर लोक म्हणतील, नवऱ्याने ढवळाढवळ केली."

"लोकांचं तू कधीपासून मनावर घ्यायला लागलास?"

"जेव ना आता," मास्तर म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता जेवत राहिले.

तीन वाजता मॅडम लॅबमध्ये आल्या. विभाग त्यांचाच, आणि शेवटचा शब्दही त्यांचा. त्यांनी दोन्ही डोळे पाहिले. "मग मास्तरांचाच घ्यायचा?"

"त्याचाच घ्या," बायको म्हणाली. "माझा अजून मुरायला हवा."

हेच ऐकायला तर मास्तर सकाळपासून थांबले होते. पण तेवढ्यात लॅबवाली वहीत दोन पॉइंट सदुसष्ट लिहू लागली. तो आकडा तिथेच राहणार. उद्या-परवा कुणीतरी पोरसवदा इंजिनिअर वही उघडणार, हिशेब करणार आणि विचारणार, मास्तरांना एवढंही दिसलं नाही? लबाड म्हटलेलं मास्तरांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. बिनडोक म्हटलेलं नाही.

"थांबा," ते म्हणाले. "हिच्या जोडीवरचा बाहेरचा रेझिस्टर काढा."

लॅबवालीने भिंगाखाली सोल्डर वितळवून तो तिळाएवढा तुकडा चिमट्याने उचलला. पडद्यावरचा डोळा असा उघडला, की मॅडमच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. मीटरवर बरोबर दोन. मास्तरांची अकरा वर्षं तिथल्या तिथे संपली.

"तुला कधी कळलं?" बायकोने हळूच विचारलं.

"आकडा बघून."

"आकडा सकाळी आला होता."

मास्तरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"शोधलं कोणी हो हे?" मॅडमनी विचारलं.

"याने," बायको चटकन म्हणाली. "मला तर जन्मात सापडलं नसतं."

केव्हा शोधलं, ते तिने सांगितलं नाही. लॅबवालीने टाळ्या वाजवल्या, मॅडमनी मास्तरांच्या पाठीवर थाप दिली. घरी गेल्यावर बिनपाण्याची होणार, यात शंका नव्हती. पण मास्तरांना झोंबत होतं ते वेगळंच. सर्किट गेलं ते गेलंच; आता चांगुलपणातही ही बया पुढे निघून गेली. त्यांना खरं बोलायला पाच तास लागले होते. तिला त्यांना सांभाळून घ्यायला विचारसुद्धा करावा लागला नव्हता.